तिरप्या नजरेचे बैल

आमच्या घरात खरा बैल कधीच नव्हता, आणि तरी श्रावण लागला की बैलांमुळे घरात पाय ठेवायला जागा नसे. खाटेखाली बैल, शिलाई मशीनवर बैल, अम्मीच्या पिठाच्या डब्यावर रंग वाळायला ठेवलेले बैल. अब्बा सुतार. वर्षभर अकोल्यातल्या लोकांची दारं, चौकटी, पलंग करायचे आणि त्यातून उरलेले सागाचे तुकडे पोत्यात साठवून ठेवायचे. त्या तुकड्यांचे तान्ह्या पोळ्याला बैल व्हायचे. पुण्याच्या माझ्या एका मैत्रिणीला हा तान्हा पोळा ठाऊकच नव्हता. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं चाकाचे लाकडी बैल दोरीनं ओढत देवळासमोर नेतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, बैलांची पूजा होते आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर, गोळा करतात. हे सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं, आणि ते बैल तुमचे अब्बा करायचे? मी म्हटलं, मग काय, अर्ध्या वऱ्हाडाचे बैल आमच्याच ओसरीवर जन्मले. अर्ध्या वऱ्हाडाचे म्हणजे थोडं जास्तच झालं, पण मुलीनं बापाबद्दल बोलताना एवढं चालतं.

त्या दिवसांत भाकरीलाही सरसाचा आणि तेलरंगाचा वास यायचा. अम्मी रोज म्हणायची की एक दिवस ती ठेच्यात चुकून लाल रंगच घालणार आहे आणि आमच्यातल्या कुणाला पत्ता लागणार नाही. सकाळी जाग यायची ती रंध्याच्या आवाजानं. वशिंड घासून गोल करणं माझ्याकडे, चाकं बसवणं माझा धाकटा भाऊ सलीमकडे, शिंगं अम्मीकडे, कारण तिच्या हाताला शिंगं जुळी यायची. डोळे मात्र फक्त अब्बांचे. त्यांची रीत होती की डोळे सगळ्यात शेवटी काढायचे आणि सगळ्या बैलांचे एकाच बैठकीत. ओसरीवर बैल ओळीनं मांडले जायचे, अब्बा बिस्मिल्ला म्हणून पहिल्या बैलाला ब्रश लावायचे आणि शेवटच्या बैलापर्यंत मान वर करायचे नाहीत. त्या वेळात घरात बोलायला बंदी, शिंकायलासुद्धा. ते एकदा काढलेल्या डोळ्याकडे परत पाहायचे नाहीत. पाहिलं की हात शंका घेतो, म्हणायचे. बुबुळ मधोमध बसलं तर जनावर देव होतं आणि कोपऱ्यात सरकलं तर चोर, हा त्यांचा सिद्धांत होता. मला तो पाठ होता आणि आमच्या सगळ्या घराला पाठ होता, म्हणून पुढचं सांगताना आजही हसू येतं.

मी दहावीच्या पुढे गेले त्या सुमाराला मामूनं अमरावतीहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. सोबत एकच कॅसेट, तिच्यावरच्या अक्षरांची लिपी आमच्या गल्लीत कुणालाच येत नव्हती. आत एक जनावर होतं. खांद्यावर झोळी, कमरेला निळी चड्डी, अंगात काही नाही, शेपूट झुबकेदार. ते एका बागेत घुसून फळं चोरायचं आणि एक जाडा माळी काठी घेऊन त्याच्या मागे लागायचा. अम्मी म्हणायची अस्वलाचं पिल्लू आहे, सलीम म्हणायचा कोल्हा, अब्बांचं मत मुंगूस. नाव वाचता येत नव्हतं म्हणून आम्ही त्याचं नाव चोट्टा ठेवलं. वऱ्हाडात ही शिवी आहे आणि लाडही. आई ज्या पोराला दिवसातून चार वेळा चोट्टा म्हणते, ते तिचं सर्वात लाडकं असतं. आमच्या चोट्ट्याची एक लकब होती. खेळणाऱ्यानं हातातलं बटण सोडलं आणि काहीच केलं नाही, तर तो थोडा वेळ उभा राहायचा, मग झोळीवर बसायचा, आणि मग डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहायचा. एक भुवई वर. जणू आपणच त्याचा वेळ वाया घालवतोय.

रविवारी सकाळी टीव्हीवर त्याची भावंडं यायची. कुणी मांजर, कुणी बदक, कुणी कसला तरी ससा. नावं वेगवेगळी, धंदे सारखेच. एकमेकांच्या अंगावर कपाट पाडायचं, शेपटीला आग लावायची, डोंगरावरून ढकलायचं. अम्मी चुलीपाशी बसून धडाम आवाज ऐकायची आणि तिथूनच विचारायची, मेला का गं? मी म्हणायची, नाही अम्मी, चपाती झाला, आता फुगतोय. ती खरंच सुटकेचा श्वास टाकायची. तेव्हा आमच्या दुष्काळी वऱ्हाडाचं नाव पेपरात रोज यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच नाही. अब्बा पेपर वाचून घडी करून मांडीखाली ठेवायचे आणि आमच्यासोबत टीव्ही पाहत बसायचे. साठीकडे झुकलेला माणूस मांजर-सशांची मारामारी का पाहतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. पडलेलं जनावर उठतं, एवढंच पाहायचं असायचं.

त्या उन्हाळ्यात जठारपेठेतल्या एका बालवाडीच्या बाई घरी आल्या. नवीन पोरं शाळेत आल्या आल्या रडतात, त्यांना भिंतीवर टीव्हीतली खोडकर जनावरं हवीत, झोक्यांवर आणि घसरगुंडीवरही, आणि ती लाकडाची, रंगवलेली. अब्बांनी आधी नाही म्हटलं. खूर असलेलं जनावर त्यांना समजत होतं, चड्डी घातलेलं समजत नव्हतं. त्यांच्या अडचणी फार खऱ्या होत्या. चड्डीतून शेपूट बाहेर येते कुठून? हाताला चारच बोटं, मग पाचवं गेलं कुठं? बाई हसून म्हणाल्या की मिस्त्री, तुमच्या घरातला चोट्टाच करा, सलीमनं आमच्याकडच्या पोरांना त्याच्या गोष्टी सांगून वेड लावलंय. झालं. लाईट असेल तेवढा वेळ आमच्याकडे अभ्यास सुरू झाला. सलीम खेळायचा, अब्बा प्लायवूड मांडीवर घेऊन पेन्सिल कानावर अडकवून बसायचे आणि मधेच म्हणायचे, रोक, रोक. सलीम हात काढून घ्यायचा. चोट्टा झोळीवर बसायचा, भुवई चढवायचा. अब्बा त्याच्याकडे पाहायचे, तो अब्बांकडे. दोघांपैकी कुणीच आधी नजर काढायला तयार नसायचं आणि तेवढ्यात लाईट जायची.

सगळा उन्हाळा आमच्या घरात तिरपी नजर होती. दाराआड पाठ टेकवून उभे असलेले चोट्टे, खाटेवर आडवे चोट्टे, सगळे आपल्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणारे. सुरुवातीला अम्मी ओढणी सावरायची. मग तिला सवय झाली, आम्हा सगळ्यांनाच झाली. बालवाडीचं काम पुरं करून दिलं, त्याचं फार कौतुक झालं, आणि अब्बा हातही न धुता बैलांना लागले.

त्या वर्षी बैलांना मागणी कमी होती. खऱ्या बैलांनाच नव्हती तर लाकडाच्यांना कुठून असणार. पण शेंदूरजनाघाटचे गुलाबराव आले. हे संत्र्याचे बागायतदार, उंच, हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी. दर वर्षी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला ते तान्ह्या पोळ्याला एक बैल द्यायचे आणि तो बैल आमच्याकडचाच असायचा. त्या वेळी ओसरीवर बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि बराच वेळ पेला हातातच धरून ठेवला. मग सांगितलं की विहिरी आटल्या, बगिचा वाळून राहिला, चारा मिळेना म्हणून उन्हाळ्यात घरची जोडी विकली. यंदा नेहमीचं पोतं द्याच, आणि एक बैल जरा मोठा द्या, पांढरा. "गोठा खाली हाये," ते म्हणाले, "पोयाच्या दिवशी दारात काईतरी उभं पायजे." अब्बांनी मान हलवली. तो मोठा बैल त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पाय, गळ्याखालची लोंबती पोळी, पाठीचा उतार, सगळं त्यांनी स्वतः केलं. मग नेहमीसारखे एका बैठकीत सगळ्यांचे डोळे काढले, वाळवले, तणसात गुंडाळून पोतं शिवलं आणि ओळखीच्या कंडक्टरसोबत एसटीनं वरूडला पाठवलं. आम्ही चौघांनीही ते बैल पाहिले होते. आमच्यापैकी कुणालाच काही वेगळं दिसलं नाही.

दिसलं ते कुसुमकाकूंना. आमच्या शेजारी त्या आणि त्यांची सून राहायच्या. दर पोळ्याला काकू आमच्याकडे पुरणाची पोळी आणि कढी घेऊन यायच्या आणि आधी पोरासाठी, मग नातवासाठी एक बैल घेऊन जायच्या, हा व्यवहार माझ्या जन्माआधीपासूनचा. त्यांच्यासाठी ठेवलेला बैल मी फळीवरून काढून हातात दिला. काकूंनी तो तोंडासमोर धरला, मग लांब धरला, मग चष्मा काढून पदरानं पुसून पुन्हा लावला.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "हा असा काहून पाहून राहिला? कोनाच्या घरचं दूध पिऊन आला वाट्टे."

मी पाहिलं. खरंच सांगते, तेव्हाही मला लगेच कळलं नाही. मग काकूंनी त्यांच्याकडचा गेल्या वर्षीचा बैल आणून शेजारी ठेवला. जुना समोर पाहत होता, शांत, पूजेला बसलेल्या माणसासारखा. नवा आमच्याकडे तिरपा पाहत होता आणि त्याची एक भुवई वर होती. बैलाला भुवई! अब्बा पोळीचा घास घेऊन बसले होते. त्यांनी तो ताटात परत ठेवला.

काकू तर हसत बैल घेऊन गेल्या, पण आमच्या घरातलं जेवण तिथंच थांबलं. अम्मीच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की उद्या त्यांची पूजा होणार आहे. ते दिवस असे होते की कुणाला कशाचं वाईट वाटेल याचा नेम नव्हता, आणि एका मुसलमान मिस्त्रीनं देवाच्या बैलांची टिंगल केली असं एका तोंडातून निघालं असतं तरी पुरे होतं. अब्बांच्या डोक्यात मात्र गुलाबराव होते. ज्या माणसाच्या गोठ्यातली जोडी गेली, त्याच्या दारात आपण त्याला हसणारा बैल पाठवला, एवढंच ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करावा असं सलीमनं सुचवलं. माफी फोनवर मागत नाहीत, अब्बा म्हणाले. त्यांनी पिशवीत पांढऱ्या रंगाचा डबा, काळ्याचा डबा, दोन ब्रश आणि टर्पेंटाइनची शिशी घातली. पांढऱ्या रंगाचा हात माझा भरभर चालतो म्हणून मला सोबत घेतलं. अम्मीचं म्हणणं वेगळं होतं, की तुम्ही तिथं जाऊन नुसते उभे राहाल, बोलायला कुणीतरी हवं.

पहाटेच्या गाडीनं निघालो. अमरावतीला गाडी बदलली, वरूडहून शेंदूरजनाघाटच्या जीपमध्ये बसलो. इतकी भीती मला पुढे बारावीच्या निकालालाही वाटली नाही. अब्बांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि खड्डा आला की आधी डबे सावरायचे, मग स्वतःला. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे होते. काही हिरवे, काही काड्या झालेले, आणि हिरव्या झाडांवर हिरवीच फळं, अजून न पिकलेली. मला एकदम चोट्ट्याची बाग आठवली आणि अशा वेळी तो आठवावा याचा रागच आला.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, त्याखाली पोरांची रांग, प्रत्येकाच्या पुढे बैल, गळ्यात मणी, पाठीवर चिंध्यांची झूल. आणि सगळेच्या सगळे बैल तिरपे पाहत होते. एक-दोन बैल असते तर लपले असते. इथं अख्खी रांगच कुणाच्या तरी बगिच्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसत होती. देवळाच्या ओट्यावर मोठी माणसं बसली होती आणि त्यांच्यात गुलाबराव, शेजारी तो पांढरा बैल. त्यांचा हात बैलाच्या पाठीवर होता. अब्बांनी चपला काढल्या, ओट्यापाशी गेले आणि अम्मीचा अंदाज खरा ठरवत नुसते उभे राहिले. मग मी बोलायच्या आत तेच बोलले.

"गलती झाली जी, गुलाबराव. डोये चुकले. रंग आनला हाये, आताच नीट करून देतो सगये."

मी पोरांकडे पाहिलं. रांगेतली एक लहान मुलगी आपल्या बैलाकडे बघून एक भुवई वर करायचा प्रयत्न करत होती. एक जमत नव्हती म्हणून दोन्ही वर जात होत्या. तिच्या शेजारचा पोरगा तेच करत होता. मग दिसलं की सगळी रांगच तिरपी पाहतेय आणि ओट्यावरची माणसं तोंडाला उपरणं लावून बसली आहेत. कुणाला राग आलेला नव्हता. ती माणसं हसू दाबत होती.

"हात नोका लावू," गुलाबराव म्हणाले. मग खाली मान घालून त्या पांढऱ्या बैलाशी बोलावं तसं बोलले. "जोडीतला माहा चांद्या असाच पाये. बगिच्यात घुसून खाली पडलेले संत्रे खाये. म्या हाक देली का मान तशीच ठेवून असा कोपऱ्यातून पाये, जसं काई चोरी म्याच केली. काल पोतं उसोवलं अन हाच निंगाला बाहेर." त्यांनी वर पाहिलं. "तुमी तं त्याले कधी पायलं नाई, मिस्त्री. मंग हे कसं जमलं?"

कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, अल्लाची मेहेरबानी, हाताचा गुण. अब्बांना खोटं जमत नसे.

"एक जनावर पायलं जी. टीव्हीत, पोरगं खेयते त्याच्यात. बगिच्यात घुसते अन फयं चोरते. उन्हायाभर त्याचेच डोये काढले, तं हाताले तेच लागले."

"कोन्तं जनावर?"

"थे आमच्या घरात कोनालेच मालूम नाई."

गुलाबरावांनी विचार केला. "बगिच्यात घुसून फयं चोरते. अन वरून असं पायते." मग त्यांचा चेहरा हळूहळू सुटत गेला. "मंग बैलच असन थो," ते म्हणाले, आणि ओट्यावरची सगळी माणसं एकदम हसली, उपरणी सोडून हसली, आणि गुलाबरावही हसले. मला रडू आलं, ते मी पोरांच्या बैलांचे मणी नीट करायच्या निमित्तानं लपवलं. त्या गावात आदल्या दिवशी मोठ्या पोळ्याला निम्म्या जोड्याही आल्या नव्हत्या, हे मला मागाहून तिथल्या बायकांनी सांगितलं. माणसं बोलली नव्हती, पोळ्या तशाच राहिल्या होत्या.

अब्बा पिशवी उचलून मागे सरत होते, तेव्हा गुलाबरावांनी त्यांना थांबवलं. "रंग आनलाच हाये तं एक काम करा. याच्या कपायावर चांद काढून द्या."

डबा मी उघडला. पांढऱ्या बैलावर काळा चांद. अब्बा ओट्यावर मांडी घालून बसले, बैल मांडीवर घेतला आणि विचारलं, चांद पुरा का अर्धा? गुलाबरावांनी अंगठ्यानं हवेत दाखवलं. "पुराच होता. पन डाव्या अंगानं जरासा खाल्लेला." पोरं रांग मोडून भोवती आली. अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं, तसा ओट्यावरचा एक म्हातारा हळूच राम राम म्हणाला, आणि ब्रश टेकला. डावीकडचं तेवढं टोक त्यांनी कोरंच ठेवलं. गुलाबराव बराच वेळ त्या कोऱ्या टोकाकडे पाहत राहिले. रंग वाळायच्या आतच त्यांनी बैल खाली ठेवला, दोरी हातात घेतली आणि सगळ्या पोरांच्या मागे, रांगेच्या शेवटी, स्वतः जाऊन उभे राहिले.

त्यांनी आम्हाला त्या दिवशी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो तेव्हा अम्मी दारातच होती. तिनं आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता भाकरी टाकायला आत गेली. माझ्या भावाची पोरगी आता मोबाईलवर खेळते, तिच्या जनावरांच्या अंगावरचा केस न केस वेगळा दिसतो, आणि ती मला विचारते, फुप्पी, तू माझा गेम का बघत बसतेस? मी त्यांचे डोळे बघते, दुसरं काही नाही. त्या दुपारी अब्बांनी हातपाय धुतले, टीव्हीसमोर बसले आणि सलीमला म्हणाले, लाव. सलीमनं चोट्ट्याला बागेत सोडलं. रोक, अब्बा म्हणाले. सलीमनं हात काढला. चोट्टा थोडा वेळ उभा राहिला, झोळीवर बसला, भुवई चढवून आमच्याकडे पाहू लागला. अब्बांनी उजवा हात कपाळाला लावला.

"गुलाबरावांनी तुला सलाम सांगितलाय," ते म्हणाले.